मदत हवी आहे: पेडण्यात घर बांधतोय, पश्चिमेच्या भिंतीचं काय करू?

नमस्कार. जोतं भरायच्या आधी निर्णय घ्यायचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातलं आमचं जुनं घर उतरवतोय. वासे आणि रिपा वाळवीने खाल्ल्या, मागची मातीची भिंत गेल्या पावसात बसली. त्याच जागी खाली-वर मिळून चार खोल्या आणि स्वयंपाकघर बांधायचं आहे. घरात ८१ वर्षांची आजी आहे. एसीच्या गारव्याने तिचे सांधे आखडतात, त्यामुळे तो मार्ग आम्ही सोडून दिला आहे. आणि खरं सांगायचं तर, एसी लावल्याशिवाय राहता येणार नाही असं घर मलाही नको आहे.

अडचण पश्चिमेची. त्या बाजूला शेत आहे आणि मे महिन्यात दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा तिकडूनच येतो. चारनंतरचं ऊन तिकडूनच, आणि जून लागला की तिरका पाऊसही तिकडूनच. खिडक्या मोठ्या ठेवल्या तर ऊनपाऊस आत, लहान ठेवल्या तर घामाने जीव नकोसा होतो. आर्किटेक्ट म्हणतात, अखंड काच लावू, शेत छान दिसेल. ठेकेदार म्हणतो, दोन फुटी छज्जा काढला की झालं. दक्षिणेला तो छज्जा पुरेल, कारण तिकडचा दुपारचा सूर्य वर असतो. पण मावळतीचं ऊन छज्ज्याखालून सरळ पलंगापर्यंत येतं, हे मावशीच्या घरी रोज बघते.

जुन्या घरात पश्चिमेला सात फुटांची पडवी होती. कौलं इतकी खाली उतरलेली की बाबांना वाकून यावं लागे. ऊन पडवीतच अडायचं, वारा मात्र माजघरापर्यंत जायचा. पावसाच्या तोंडावर आजोबा विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधायचे. आजी अजूनही मे महिन्यात तिथेच झोपायची, घर उतरवायला काढेपर्यंत.

खिडक्यांबद्दल वाचताना इको-निवास संहिता २०१८, म्हणजे केंद्र सरकारची घरांसाठीची ऊर्जाबचतीची संहिता, हाती लागली. उष्ण-दमट हवामानासाठी तिच्यात खिडकी-दारांचं उघडणारं क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे एक षष्ठांश सांगितलं आहे. बारा बाय बाराच्या खोलीला २४ चौरस फूट. आमच्या नकाशात सहा बाय चारची स्लायडिंग खिडकी आहे, बरोबर २४ भरते असं वाटलं. पण स्लायडिंग उघडते निम्मीच! मग हातात उरले १२. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

तर विचारायचं आहे ते असं. नव्या घराला पश्चिमेला पडवी दोन्ही मजल्यांवर घ्यावी का, की खाली पडवी आणि वर चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, जाळी पुरेल? वर स्लॅब टाकून त्यावर कौलं घालायची, की नुसतीच कौलं? आणि जुने चिरे चांगले निघाले आहेत, ते वापरणारच आहोत, पण आतून सिमेंटचा गिलावा करावा का? कुणी गोव्यात किंवा सिंधुदुर्गात असं बांधलं असेल तर अनुभव सांगा. नुसता सल्ला नको, राहून बघितलेलं हवं आहे.

प्रतिसाद (फोंडा)

ताई, आम्ही सहा वर्षं राहतोय, म्हणून लिहितो. आपल्याकडे मेच्या सुरुवातीला दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो, त्यामुळे भिंतीइतकाच, किंबहुना जास्त, विचार छपराचा करा. उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री झोपायच्या वेळी ती ऊब खाली सोडतो. दमट हवेत रात्रही फारशी थंड होत नाही, म्हणून तो निवतच नाही. आम्ही आधी तेच भोगलं. मग स्लॅबवर सांगाडा उभारून मंगळुरी कौलं घातली. मधल्या पोकळीची दोन्ही टोकं जाळी लावून उघडी ठेवली, ती बंद केली असती तर गरम हवा तिथेच कोंडली असती. फरक पहिल्याच रात्री कळला. नुसती कौलं आणखी लवकर निवतात, पण माकडं आणि गळती यांची तयारी ठेवा.

वरच्या मजल्यावर जाळी एकटी नको, जुलैत पाणी आत येतं. जाळीच्या आत झडपांची, म्हणजे तिरप्या पट्ट्यांची, लाकडी खिडकी घ्या, पाऊस अडतो आणि वारा चालू राहतो. आणि समोरच्या, म्हणजे पूर्वेच्या भिंतीतही तेवढीच वाट ठेवा. वाऱ्याला बाहेर जायला जागा नसेल तर तो आत येत नाही.

गिलावा चुन्याचा. चिरा पाणी पितो, चुन्यातून ते वाळून जातं. सिमेंट आणि वर वॉटरप्रूफ रंग लावला की ओल आतच अडकते आणि पोपडे सुटतात.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. पूर्वेच्या वाटेचा विचारच केला नव्हता, तिथे नकाशात न्हाणीघर आहे. आज रात्रीच ते उत्तरेला सरकवून बघते. आजीला वाचून दाखवलं, ती म्हणाली, पडवी सात फुटांपेक्षा कमी करू नका, खाट मावली पाहिजे. आता एकच राहिलं: झडपांच्या खिडक्यांना सागवान परवडत नाहीये. फणसाच्या लाकडाच्या कुणी केल्या आहेत का? पावसात फुगतात का?