घडी मोडलेले कपडे: खुंटी, खुर्ची की थेट मशीन?

गोदाकाठी
दोन दिवसांपासून नाशिकच्या सगळ्या ग्रुपांवर एक पोस्ट फिरतेय: 'एकदा अंगाला लागलेला कपडा पारोसा. तो सरळ मशीनमध्ये. खुंटीवर टांगणारे आळशी आणि अस्वच्छ.' खाली अंगठ्यांचा पाऊस.

आळसच मोजायचा तर दिसेल ते ड्रममध्ये कोंबून बटण दाबण्यात जास्त आहे. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. त्यावर जगणारे जिवाणू तो तयार करतात आणि त्यांना ओल लागते. म्हणजे कपडा कितीदा घातला यापेक्षा त्यात ओल किती वेळ राहिली ते महत्त्वाचं. बनियन, मोजे, अंतर्वस्त्रं, व्यायामाचे कपडे एकदा घातले की धुवायचे, त्यावर वादच नाही. पण बनियनवर घातलेला सुती शर्ट, जीन्स, स्वेटर? रोज धुतले तर रंग उडतो, कॉलरची कड विरते, आणि जीन्स ड्रममध्ये घडीवर घासून मांडीवर पांढऱ्या रेघा येतात, त्या कायमच्या.

घरी आल्यावर खिसे रिकामे करा, कपडा उलटा करा, पंख्याखाली तासभर टांगा. मग त्याच्या जागेवर. ती जागा कपाटात नको, धुतलेल्या घड्यांत तर नकोच. भिंतीपासून फूटभर पुढे आलेला एक रॉड, दोन हँगरांत चार बोटं अंतर. एकदा घातलेल्या शर्टाचा हँगर उलट्या तोंडाने अडकवायचा, म्हणजे दुसऱ्यांदा घातल्यावर तो बास्केटमध्ये जायचा हे वास न घेता कळतं. स्वेटर टांगायचा नाही, खांदे लोंबतात. घडी करून जाळीच्या टोपलीत ठेवायचा.

खुर्चीचं समर्थन मी करत नाही. थरावर थर चढतात, तळचा कपडा सुकतच नाही. दारामागची खुंटीही तशीच: दार दिवसभर भिंतीला टेकलेलं आणि कपडे मध्ये चेपलेले.

मशीनवाली मावशी
ती पोस्ट मी पुढे पाठवली होती, त्यामुळे उत्तर देते. निफाडला थंडीत पारा उतरतो तेव्हा तुमचं हे रॉडपुराण ठीक आहे. जुलैचं काय? त्र्यंबककडून ढग आले की आठवडाभर ऊन नाही. सुती कापड साध्या, ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेतसुद्धा वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास पाणी धरून बसतं. पावसाळ्यात त्याहून जास्त. त्यात घामाचे क्षार, तेही ओल ओढतात. तुमचा तासभर पंखा दमट हवाच फिरवणार. चौथ्या दिवशी कॉलरवर काळे ठिपके. ती बुरशी एकदा सुतात शिरली की ब्लीचशिवाय सहसा जात नाही, आणि रंगीत कपड्याला क्लोरीनचं ब्लीच चालत नाही. अस्वच्छ म्हटलं तर झोंबलं वाटतं!

अंबडचा फिटर
मावशी, पण धुतलेले तरी जुलैत कुठे सुकतात? जास्त धुतलं तर घरात ओले कपडे जास्त, म्हणजे ओल अजून जास्त.

दोघांनी सोडलेला मुद्दा सांगतो. कारखान्यातले कपडे या वादातच येत नाहीत. सीएनसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकी मशीनवर, उभा राहणारा माणूस कूलंटचा, म्हणजे मशीन थंड ठेवणाऱ्या तेलकट पाण्याचा, तुषार अंगावर घेऊन येतो. तो शर्ट कोरडा दिसला तरी तेल त्यात आहे आणि शेजारच्या शर्टाला लागतं. त्याची खुंटी बाथरूमबाहेर, वेगळी. ग्राइंडिंगवाल्यांनी कपडे घरात झटकायचेही नाहीत, बारीक कीस पोरांच्या पायात जातो.

द्राक्षबाग दिंडोरी
फिटरभाऊ बरोबर. आमच्याकडे तर फवारणीचे कपडे 'उद्या परत घालायचेत' म्हणून पडवीत टांगलेले दिसतात. हे चूक नाही, धोका आहे. औषध कापडात मुरतं, दुसऱ्या दिवशी घाम आला की कातडीतून आत जातं. ते त्याच दिवशी, वेगळ्या बादलीत, घरच्या कपड्यांत न मिसळता धुवायचे. द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी गंधक मारलं असेल तर त्या कपड्याजवळ चांदीची जर असलेली साडी ठेवू नका, काळी पडते.

पैठणी येवला
जरीचा विषय निघालाच आहे तर ऐका. मशीनवाल्या मावशींचा नियम पैठणीला लावला तर एका धुण्यात साडी संपली. नेसलेली पैठणी रॉडवरही टांगायची नाही, जरीच्या वजनाने रेशीम ताणलं जातं. पलंगावर स्वच्छ सुती चादर, त्यावर साडी उलगडून चार-पाच तास सावलीत. ब्लाउज वेगळा, कारण खरा घाम त्यात असतो. अत्तर जरीवर पडू द्यायचं नाही. मग जर आतल्या बाजूला येईल अशी घडी, मलमलमध्ये गुंडाळायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. दर तीन महिन्यांनी घडी बदलायची, नाहीतर त्याच रेघेवर विरते. आणि डांबरगोळ्या सरळ साडीत टाकू नका.

चौथा मजला
डांबरगोळ्या नको तर कसर काय खाईल, तुमचा सल्ला? पिढ्यान्‌पिढ्या ट्रंकेत चार गोळ्या टाकत आलेत लोक, काही झालं नाही.

पैठणी येवला
काही झालं नाही म्हणणाऱ्यांनी आपल्या जुन्या साड्यांची जर उजेडात बघावी. गोळीला विरोध नाही, चुकीच्या जागेला आहे. तिची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून ती वर ठेवायची, कापडाच्या पुरचुंडीत, आणि ट्रंक घट्ट बंद हवी. उघड्या रॉडवर किंवा जाळीच्या टोपलीत गोळी म्हणजे फक्त वास. तिथे कसरीला काहीही होत नाही.

मशीनवाली मावशी
घरात बाळ असेल तर ट्रंकेतही नको! जी६पीडी हे विकर कमी असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी डांबरगोळीतल्या नॅप्थलिनमुळे फुटतात, कावीळ चढते. ट्रंकेतून काढलेली दुपटी तशीच गुंडाळली की हे होतं. युरोपात २००८ पासून या गोळ्यांवर बंदी आहे.

चौथा मजला
युरोपात हातानेही जेवत नाहीत. उद्या तेही बंद करू का? कडुनिंबाचा पाला ठेवा म्हणा आता.

गोदाकाठी
धागा कपडे ठेवण्याचा होता, गोळ्यांचा नाही. पण पाल्याचं बोलूनच घेऊ. कडुनिंब पूर्ण वाळलेला, हातात चुरा होईल इतका हवा. अर्धा ओला पाला घातला की तीच बुरशी. पांढऱ्या कपड्याला लागला तर हिरवट डाग, म्हणून पोटलीत. शिवाय तो कसरीला लांब ठेवतो, आत शिरलेल्या अळ्या मारत नाही. त्यासाठी लोकर उन्हात उलगडून, ब्रश मारूनच काढावी लागते.

अंबडचा फिटर
कापूर आणि डांबरगोळी एकत्र टाकणाऱ्यांसाठी: दोन्ही घन, पण शेजारी ठेवले की पाझरून तेलकट पाणी होतं आणि डाग पडतो. एकच काहीतरी ठेवा.

चौथा मजला
इथे सगळे शास्त्रज्ञ जमलेत. मग लिवाइस या जीन्सवाल्या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख चिप बर्ग २०१४ मध्ये म्हणाले होते, अंगावरची जीन्स वर्षभर धुतलेली नाही. तेही लिहा तुमच्या नियमात.

गोदाकाठी
ते कॅलिफोर्नियात राहून बोलले. एप्रिलमध्ये द्वारका चौकात दुचाकीवर उभं राहून बोलले असते तर मानलं असतं. इथे उन्हाळ्यात जीन्स तीन-चारदा घालून धुवायची, थंडीत सहा-सातदा घालून. गुडघे फुगले, कंबरपट्टी चिकट लागली की धुवा, तारीख बघू नका.

मशीनवाली मावशी
म्हणजे उन्हाळ्यात कमी, थंडीत जास्त. आणि पावसाळ्यात? त्यावर तुमचा रॉड अजून गप्पच आहे.

गोदाकाठी
बरं, हे घ्या. जून ते सप्टेंबर सुती शर्ट आणि कुर्ता एकदाच घालून धुवायचा, तिथे तुमचं खरं. मुलांचा टेरीकॉटचा गणवेशही रोज. त्यातलं पॉलिएस्टर पाणी अर्धा टक्काही धरत नाही, पण अंगाचं तेल धरतं आणि वास सुतापेक्षा लवकर येतो. कांजी केलेले कपडे घातल्यावर साठवायचेच नाहीत, खळीला झुरळं आणि कसर दोन्ही येतात. पण जीन्स आणि जाड पॅन्ट पावसाळ्यातही दोनदा चालते, फक्त बाहेरच्या भिंतीला लावायची नाही. नव्या फ्लॅटमध्ये पश्चिमेच्या भिंतीला कपाट चिकटवून देतात, मागे बोटभरही जागा नाही, ती भिंत पाऊस पिते आणि कपाटाची पाठ ओली.

मशीनवाली मावशी
चार महिने तरी मान्य केलंत, गोदामाई पावली. तुमची जीन्स दोनदा घ्या. मिसळ खाऊन आलेला शर्ट मात्र बाराही महिने मशीनमध्ये. फोडणीचं तेल धाग्याला बसतं, ते वाऱ्याने जात नाही.

गोदाकाठी
त्यावर वाद घालण्याची हिंमत नाही.

चौथा मजला
टोमणे झाले असतील तर कामाचं सांगा. रॉड लावायचा आहे, सिपोरेक्सच्या भिंतीत स्क्रू फिरतोय.

अंबडचा फिटर
साधा रावळ प्लग त्या ब्लॉकला धरत नाही, भुसा होतो. एएसी, म्हणजे सिपोरेक्ससारख्या हलक्या सच्छिद्र, ब्लॉकसाठीचा मोठ्या आट्यांचा नायलॉन अँकर मागा. ड्रिल हॅमर बंद ठेवून चालवा, नाहीतर भोक मोठं होतं. शक्य असेल तर ब्रॅकेट बीममध्येच घ्या. चार जीन्स आणि दोन जॅकेटं म्हणजे पाच-सहा किलो सहज, आणि रॉड फूटभर पुढे असल्याने ओढ वरच्या स्क्रूवर येते. तो लांब घ्या, खालचा छोटा चालेल.

चौथा मजला
बीमपासून रॉड फार उंच जातो, बायकोचा हात पोचत नाही.

अंबडचा फिटर
मग बीममधून दोन पट्ट्या खाली सोडा आणि रॉड साडेपाच फुटांवर घ्या. शर्ट त्याखाली तीन फूट लोंबतो, पॅन्ट दुमडून टाकली तर दोन. खाली टोपलीलाही जागा उरते.