कंपायलर कोसळला तर तक्रार नोंदवायची, की कोड फिरवून पुढे जायचं?

कोथरूडकर: परवा हिंजवडीच्या ऑफिसात बिल्ड (कोडमधून प्रोग्राम तयार करणं) चालू असताना जीसीसी या कंपायलरने 'इंटर्नल कंपायलर एरर' म्हणत मान टाकली. सी++ च्या टेम्प्लेटमध्ये (कोडचा साचा) टेम्प्लेट, त्याच्या आत लॅम्डा (बिननावाचं फंक्शन). लीड म्हणाला, लॅम्डा काढ, साधं फंक्शन लिही. लिहिलं, बिल्ड झाला. पण मला हे पटत नाही. कोड माझा चुकला असेल तर कंपायलरने चूक दाखवावी, स्वतः कोसळू नये. आणि प्रीप्रोसेस्ड सोर्ससकट बग कळवा, असं तो स्वतःच सांगतो. इतकी वर्षं फुकट वापरतोय, तेवढं तरी करायलाच हवं.

मगरपट्टा रात्रपाळी: लीडचं बरोबर आहे. प्रीप्रोसेस्ड फाइलमध्ये सगळे हेडर (कोडला जोडलेल्या फाइली) उलगडून येतात, क्लायंटचेसुद्धा. जीसीसीचं बगझिला, म्हणजे बग नोंदवायची साइट, सगळ्या जगाला दिसतं. नोकरी घालवशील.

कोथरूडकर: ती फाइल तशीच टाकायची नाहीच. सी-व्हाइज या कोड छाटून लहान करणाऱ्या टूलला दिली, सोबत 'तोच क्रॅश येतो का' हे तपासणारी चार ओळींची स्क्रिप्ट. रात्री ऑफिसच्याच मशीनवर लावून गेलो, सकाळी 14 ओळी उरल्या होत्या. क्लायंटचं एक नावही त्यात नाही.

पेठेतला जुना: थांबा, त्या 14 ओळी क्लँगवर, म्हणजे दुसऱ्या कंपायलरवर, कंपाइल होतात का? छाटताना टूल वैध कोडचा अवैध करून टाकतं, हे मी फार वेळा पाहिलंय. वैध कोडवरचा क्रॅश आणि अवैध कोडवरचा क्रॅश यांना बगझिलात वेगळे कीवर्ड आहेत. आधी नीट एरर देऊन मग पडलेला कंपायलर दुरुस्तीच्या रांगेत मागेच राहतो. शिवाय ऑफिसातली आवृत्ती जुनी असेल, तर बग कधीच सुधारला गेला असेल. आधी ताज्या आवृत्तीवर बघ, बॅकट्रेसमधल्या (कोसळताना चालू असलेल्या फंक्शनांची यादी) फंक्शनच्या नावाने जुने बग शोध, मग लिही. लोकांचा वेळ आपल्याइतकाच मोलाचा आहे.

मगरपट्टा रात्रपाळी: म्हणजे दोन दिवस गेले. टाइमशीटमध्ये कुठल्या खात्यावर टाकणार?

कोथरूडकर: तुमच्या टीममध्ये हाच कोसळा येईल तेव्हा पुन्हा दोन दिवस जातील, ते कुठल्या खात्यावर?
काका, तुमचं खरं निघालं. क्लँगने तिसऱ्याच ओळीला नाकारलं. आता 'क्लँगवर चाललं पाहिजे' ही अट स्क्रिप्टमध्ये घालून पुन्हा छाटलं. 22 ओळी झाल्या. कंपायलर एक्सप्लोरर या साइटवर जीसीसीच्या ट्रंकलाही (सगळ्यात ताजी, अजून घडत असलेली आवृत्ती) त्या पाडतात, आणि जुन्या बगांत हे फंक्शन कुठे सापडलं नाही. आज संध्याकाळी नोंदवतोय.