मदत हवी आहे: आईला घेऊन माथेरान, दोन दिवस
नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात आईला घेऊन शनिवार-रविवार माथेरानला जायचं चाललंय. लोणावळ्याचं ट्रॅफिक आता नकोच वाटतं, इथे निदान दस्तुरी नाक्याच्या पुढे आपल्या गाड्या नेता येत नाहीत त्यामुळे हॉर्न नाही काही नाही, नुसती लाल माती आणि झाडं. पण घोडं तिथेच अडलंय, आईचे गुडघे दुखतात आणि घोड्यावर ती बसणार नाही (मागे एकदा बसवली होती, अख्खा रस्ता घोडेवाल्याचा खांदा पकडून रामराम करत होती). पावसात नेरळहून येणारी टॉय ट्रेन बंद असते, पण दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंत शटल ट्रेन असते ना, तिचं तिकीट शनिवारी सकाळी पटकन मिळतं की तासभर लाइनीत उभं राहावं लागतं? ई-रिक्षाचा काय अनुभव? आणि बाजारपेठेजवळ, फार पायऱ्या नसलेलं साधं शाकाहारी हॉटेल सुचवा प्लीज, पूल-डीजे वगैरे अजिबात नको. शार्लोट लेकपर्यंत तिला हळूहळू नेता आलं तरी खूप झालं. हो, आणि माकडांचं काय करता? गेल्या वेळी वेफर्सचं पाकीट हातातून ओढून नेलं मेल्यांनी.