पावडर कोअरचा लूप जाइल्स-अथर्टनमध्ये बसत नाहीये, अल्फा निगेटिव्ह येतोय

लोहचूर्ण
मंडळी मदत करा. एमटेकचा प्रोजेक्ट आहे, इन्सुलेशनचा थर दिलेली लोखंडाची पावडर दाबून केलेली रिंग, त्यावर प्रायमरी-सेकंडरी गुंडाळून बीएच लूप (फील्ड एच वाढवत-कमी करत चुंबकत्व कसं बदलतं त्याचा बंद आलेख) मोजला. आता जाइल्स-अथर्टन या हिस्टेरेसिसच्या (चुंबकत्व फील्डच्या मागे रेंगाळण्याच्या) मॉडेलचे पाच पॅरामीटर फिट करतोय तर त्यातला अल्फा (मॅग्नेटायझेशन स्वतःच फील्डमध्ये किती भर घालतं ते) चक्क निगेटिव्ह येतो, आणि टोकाला पोचून फील्ड कमी करायला लागलो तरी मॅग्नेटायझेशन (एम) थोडा वेळ वरच चढत राहतं. कोड तीनदा तपासला. मायनर लूपही (टोकापर्यंत न जाता मधेच फील्ड उलटवून मिळणारे छोटे लूप) बंद होत नाहीत. गाईड म्हणतात प्रायझाखचं मॉडेल घे, पण दोन आठवडे यात गेलेत, सोडवत नाही.

विदर्भातला_वाइंडर
टोकाचा प्रॉब्लेम तुझ्या कोडचा नाही, समीकरणाचाच आहे. फील्ड उलटं फिरलं की एम अजून अ‍ॅनहिस्टेरेटिक कर्व्हच्या (हिस्टेरेसिस नसतं तर मिळाला असता त्या) खालीच असतो, म्हणून उतार निगेटिव्ह येतो. एम तो कर्व्ह ओलांडेपर्यंत इर्रिव्हर्सिबल (फील्ड मागे नेलं तरी परत न येणारा) भाग शून्य धर. आणि त्या कर्व्हचं सूत्र असलेलं लँजेव्हिन फंक्शन शून्याजवळ फुटतं, तिथे सरळ एक्स भागिले ३ टाक.

चुंबकवेडी
अल्फाचं सांगते. रिंग आहे म्हणजे डीमॅग्नेटायझिंग फील्ड (चुंबकत्वाच्या उलट दिशेचं, त्यानेच तयार केलेलं) नाही असं धरलंस ना? बाहेरून नाहीच, पण आत प्रत्येक दोन दाण्यांमध्ये फट आहे आणि ती सगळीकडे पसरलेली आहे, म्हणूनच तर लूप असा आडवा झुकलेला दिसतो. दाण्याची ससेप्टिबिलिटी (एम भागिले एच) ५००० धर, एन म्हणजे डीमॅग्नेटायझिंग फॅक्टर ०.००२, मग १ अधिक १० म्हणजे ११ ने भाग, हातात राहिली साधारण ४५५! इफेक्टिव्ह फील्डमध्ये अल्फा-एम आणि वजा एन-एम शेजारी बसतात, त्यामुळे तुला मिळतो तो अल्फा नाही, अल्फा वजा एन आहे. आधी एच मधून एन-एम वजा करून लूप उभा कर, मग फिट कर.

मायनर लूपसाठी मात्र गाईडचं ऐक. प्रायझाखचं मॉडेल १९३५ चं असलं तरी त्यात ते आपोआप बंद होतात. फक्त त्यात एकाच फील्ड-मर्यादांमधले मायनर लूप सारख्या आकाराचे येतात, झुकलेल्या लूपवर ते जुळत नाही, म्हणून तिथेही हीच दुरुस्ती आधी.

लोहचूर्ण
ताई, एन काढून फिट केलं, अल्फा पॉझिटिव्ह आला!! टोकही नीट झालं. पण एन मी अंदाजाने घेतला, तो मोजून कसा काढायचा?

चुंबकवेडी
हिस्टेरेसिस काढून टाकलेला अ‍ॅनहिस्टेरेटिक कर्व्ह मोज, शून्याजवळचा त्याचा उतार बघ. दाण्यांची स्वतःची ससेप्टिबिलिटी फार मोठी असली तर तो उतार जवळपास १ भागिले एन एवढाच असतो.