छल की छळ?

प्रश्न
भाचीची परीक्षा जवळ आलीय, म्हणून रविवारी तिची उजळणी घेत होते. अलंकार झाले. पात्रांचे प्रकार झाले (‘खलनायका’ला नायक कशाला म्हणायचं, यावर दहा मिनिटं गेली). मग तर्कदोष. वहीत तिने ‘छल’ लिहिलं होतं. म्हटलं, ‘ळ’ हवा गं. तर म्हणे, “मावशी, हा तो छळ नव्हे.” मग हा कोणता? आणि मराठीत कुणी वापरतं का तो?

प्रतिसाद
भाचीचं बरोबर आहे, पण तुम्हीही फार चुकला नाहीत. मूळ संस्कृत शब्द छल, म्हणजे कपट. मराठीत आला तेव्हा फलाचं फळ झालं तसा छलाचा छळ झाला, आणि वाटेत अर्थही बदलला. आपला छळ म्हणजे जाच. सासरी होतो तो.

न्यायसूत्रांतला (म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथातला) छल वेगळा. समोरच्याच्या मनात नसलेला अर्थ त्याच्याच शब्दांतून काढायचा आणि त्याचं म्हणणं पाडायचं. त्याचे तीन प्रकार सांगितलेत. वाक्छलाचं उदाहरण त्या सूत्रांवरच्या भाष्यात आहे: एकजण म्हणतो, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे नवं कांबळं घेतलेला. दुसरा म्हणतो, नऊ कुठायत? एकच तर दिसतंय! संस्कृतात ‘नव’ म्हणजे नवा आणि नऊसुद्धा.

उपचारछल (उपचार म्हणजे इथे लाक्षणिक बोलणं) मला जास्त आवडतो. ‘मचाणं ओरडताहेत’ असं कुणी म्हटलं, तर मचाणावरची माणसं ओरडताहेत हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण छल करणारा म्हणणार, लाकडं कशी ओरडतील? शाळेत लक्षणा (शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याला जोडून असलेला अर्थ घेणं) शिकलो ती इथे मुद्दाम नाकारलेली असते. ‘बाबा ताटावर बसले’ ऐकून ‘मग ताट चेपलं असेल’ म्हणण्यातला प्रकार. तिसरा सामान्यछल: साधारणपणे म्हटलेलं सरसकट म्हटलंय असं धरून चालायचं.

प्रतिसाद
मग वाक्छल आणि श्लेष एकच की! ‘हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस’ यातही जीवन म्हणजे पाणी आणि आयुष्य, दोन्ही.

प्रतिसाद
एकच नाही. श्लेषात बोलणाऱ्यालाच दोन्ही अर्थ हवे असतात. छलात बोलणाऱ्याला एकच हवा असतो, दुसरा ऐकणारा त्याच्या गळ्यात मारतो. त्यामुळे छलाचं सख्खं भावंड म्हणजे वक्रोक्ती. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने तिची व्याख्या जवळपास अशीच केलीय: एकाने एका अर्थाने बोललेलं वाक्य दुसऱ्याने श्लेषाने किंवा काकूने भलत्याच अर्थाला जोडणं. (काकू म्हणजे आवाजाचा हेल. चुलती म्हणालात तर तो वाक्छल झाला.) म्हणजे तीच करामत काव्यशास्त्रात अलंकार ठरते आणि वादात दोष. कुंतक या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराची वक्रोक्ती मात्र यात आणू नका, ती फार मोठी गोष्ट आहे. त्याच्या लेखी ती काव्याचा प्राणच.

प्रतिसाद
वापराचं राहिलंच. अहो, ‘शब्दच्छल’ विसरलात का सगळे? ‘उगाच शब्दच्छल करू नका’ हे आपण नेहमी म्हणतो, आणि तिथे ‘ल’ शाबूत आहे. नुसता ‘छल’ मराठीत रुजला नाही, तो या समासात टिकला. लिहिताना ‘च्छ’ हवा, ‘शब्दछल’ नको.

एक तक्रार मात्र आहे. हल्ली शब्दच्छल आणि वितंडवाद एकाच अर्थाने वापरतात. वितंडा म्हणजे स्वतःची बाजू अजिबात न मांडता फक्त दुसऱ्याची खोडून काढणं. तिथे शब्दांचे अर्थ न फिरवताही काम भागतं. ‘वादा’चीही तीच गत: न्यायशास्त्रात तो तत्त्व जाणून घेण्यासाठी केलेली चर्चा, आणि आपण म्हणतो, ‘वाद घालू नकोस, जेव आधी’.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार, भाचीला वाचून दाखवलं. त्याचा परिणाम असा की मघाशी ‘फोन खाली ठेव’ म्हटलं, तर बाईसाहेबांनी तो फरशीवर ठेवला आणि शेजारी पालथं पडून बघत बसल्या. हा कोणता प्रकार?

प्रतिसाद
उपचारछल. पूर्ण गुण द्या.