मदत हवी आहे: रॅट्समध्ये पॅरासिटामॉलची यकृत-इजा होत नाही
नमस्कार मंडळी. एम.फार्म.च्या प्रोजेक्टसाठी यकृताला मुद्दाम इजा घडवायची म्हणून विस्टार रॅट्सना (प्रयोगशाळेतले मोठे पांढरे उंदीर) तोंडावाटे पॅरासिटामॉल दिलं, २ ग्रॅम प्रतिकिलो. २४ तासांनी रक्तात एएलटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) जेमतेम वाढलेलं. यकृत कापलं तर तांबूस, गुळगुळीत. स्लाइडवर मध्यशिरेभोवती मेलेल्या पेशी नावालाच. रॅट्स या औषधाला फारशी दाद देत नाहीत, माइसमध्ये (छोट्या उंदरांत) मात्र ३०० मिग्रॅ प्रतिकिलो पोटात टोचलं की यकृताला वाचवणारं ग्लुटाथायोन संपतं आणि माणसासारखीच इजा होते, असं वाचलंय. मग माइस घेऊ का? एथिक्स कमिटीकडे पुन्हा जावं लागेल. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, आधी रात्रभर उपाशी ठेवता का? औषध कोमट सलाइनमध्ये नीट विरघळतं का? डीएमएसओ हे द्रावक मला नकोच, ते सीवायपी२ई१ (पॅरासिटामॉलपासून विषारी पदार्थ बनवणारं एन्झाइम) रोखून यकृताला वाचवतं. आणखी जनावरं वाया जायला नकोत, फार जीव तुटतो.