घटस्फोटाच्या दाव्यात मुलीच्या ताब्यासाठी मध्यस्थी स्वीकारावी का?

प्रश्न (सांगली)

घटस्फोट घ्यायचा यावर आम्हा दोघांचे एकमत आहे. अडले आहे ते आठ वर्षांच्या मुलीवरून. ते नोकरीनिमित्त पुण्यात असतात आणि मी मुलीसह माहेरी, विश्रामबागेत राहते. भेट किती वेळा, दिवाळी कोणाकडे, शाळा कुठली, यावर दर तारखेला नवा अर्ज पडतो. न्यायालयाने मध्यस्थीबद्दल विचारले आहे. माझ्या वडिलांचे म्हणणे असे, की होकार दिला तर आपली बाजू लंगडी ठरेल आणि तिथे बोललेले पुढे माझ्यावरच उलटेल. परवा मुलीने विचारले, चित्रकलेची वही बाबांकडे नेली तर तू रागावशील का? तेव्हापासून मला झोप नाही. कृपया अनुभव सांगावा.

उत्तर १ (सातारा)

ताई, मी एका मुलाचा वडील आहे आणि हा रस्ता चालून आलो आहे. पहिल्या बैठकीला मी तक्रारींची यादी घेऊन गेलो होतो. मध्यस्थ बाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, की मुलगा शाळेतून आल्यावर काय खातो आणि रात्री किती वाजता झोपतो. मला सांगता आले नाही. त्या दिवसापासून माझे बोलणे बदलले. चार बैठकांत समझोता झाला: दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी दहाला कराड बस स्थानकावर मुलाला सोपवायचे, रोज साडेसातला फोन, लक्ष्मीपूजन एका वर्षी आईकडे तर दुसऱ्या वर्षी माझ्याकडे. मात्र मूल आजारी पडले किंवा एसटी चुकली तर काय, हे लिहायचे राहून गेले आणि त्यावरून आमचे दोनदा वाजले. तेव्हा बारीकसारीक गोष्टीही लिहून घ्याच.

उत्तर २ (मिरज, वकिली व्यवसाय)

मध्यस्थ निकाल देत नाही, त्यामुळे होकार दिल्याने आपला कोणताही हक्क जात नाही. समझोता न झाल्यास तो न्यायालयाला तेवढेच कळवतो आणि दावा पूर्ववत चालतो. बैठकीतील बोलणे गोपनीय असते. एक अपवाद वडिलांनाही सांगावा: मुलांच्या ताब्याच्या प्रकरणात समुपदेशकाचा अहवाल न्यायालय पाहू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये म्हटले आहे. पाच वर्षांखालील मूल सहसा आईकडे असावे, ही १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यातील तरतूद आपल्या मुलीला लागू होत नाही, म्हणून तिचे हित कशात आहे हेच न्यायालय पाहील. समझोता हुकूमनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या अंतिम लेखी आदेशात, उतरवून घ्या. पुढे परिस्थिती बदलली तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलीसंबंधीच्या अटी बदलून मागता येतात. वकिलाचा खर्च पेलत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, कारण स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही. मात्र मारहाण किंवा धमकी झाली असेल तर समोरासमोर बसू नका; तसे आधी सांगून स्वतंत्र बैठक मागा.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. मारहाण कधीच नव्हती, त्यामुळे समोरासमोर बसायची माझी तयारी आहे. वडिलांना दोन्ही उत्तरे वाचून दाखवली. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले की पहिल्या बैठकीला मीही बाहेर बसतो. आज रात्री मुलीचा दिनक्रम लिहून काढते. आम्हाला सातारा मध्यावर पडते. तिथे सोपवणे आठ वर्षांच्या मुलीला झेपेल, की पुण्याहून त्यांनीच सांगलीला यावे अशी अट घालावी?